तिसऱ्या चौकोनातली मुलगी

“फाउल आहे हा,” ती म्हणाली.

मी वाचायची थांबले. शनिवार होता, सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. मैदानाच्या कडेला लिंबाखाली तेरा मुली मांडी घालून बसल्या होत्या आणि मी त्यांना माझी गोष्ट वाचून दाखवत होते. एकवीस पानांची गोष्ट. आठ महिने लिहीत होते. शेवटचं पान सुरू होतं. सामना संपायला दहा सेकंद उरलेले, बरोबरीसाठी एक गडी हवा, आणि ‘खो!’ हा आवाज कानावर पडताच माझी ईश्वरी तिसऱ्या चौकोनातून उसळून उठली होती. आणखी चार ओळींनी ती खांबावर सूर मारणार होती.

“फाउल कसा?” मी विचारलं.

“हात कुठं लागला? तुम्हीच वाचलं ना ताई, आवाज ऐकला आन् उठली. पाठीला हात लागायच्या आधी उठली म्हणजे फाउल. पंच शिट्टी मारणार. गडी शिवला तरी आउट धरणार नाहीत.”

ती सहावीत आहे, शाळेच्या खो-खो संघात आहे. बाकीच्या बारा जणींनी माना हलवल्या. त्यांच्या मनात शंकाच नव्हती. एकीनं तर शेजारणीच्या पाठीवर हात टेकवून ‘असा’ आणि हात न टेकवता ‘असा नाही’ हे मला करून दाखवलं.

मी पानाकडं बघत राहिले. चूक दुरुस्त करणं सोपं होतं, एक शब्द घातला की झालं. पण तो फाउल माझ्या ओळखीचा होता. १९९१ साली मी तोच केला होता, त्याच चौकोनातून. त्याच्याबद्दल पुढं सांगते.

मुलांसाठी खेळाची गोष्ट लिहायचं माझ्या मनात कित्येक वर्षं होतं. आमच्या शाळेत पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती. दर शुक्रवारी ती उघडायची, ज्याच्या हाताला जे लागेल ते त्यानं न्यायचं. पेटीत राजे होते, भुतं होती, चोर पकडणारी हुशार पोरं होती, चंद्रावर जाणारी यानं होती. खेळाच्या गोष्टी मोजक्या, आणि त्यातल्या बहुतेक क्रिकेटच्या. मी त्या सगळ्या वाचल्या, काही तर इतक्या वेळा की पानांचे कोपरे माझ्याच बोटांनी काळे झाले. त्यांनी मला काही दिलं नाही असं म्हणणं कृतघ्नपणा ठरेल. गरीब घरातला मुलगा, उसनी बॅट, त्याला संघात न घेणारे श्रीमंत सवंगडी, आणि शेवटच्या चेंडूवर षटकार. तो चेंडू सीमारेषेपार गेला की माझ्या पोटात खड्डा पडायचा. आजही आठवतो तो खड्डा.

पण पुस्तक मिटून मी बाहेर यायचे तेव्हा समोर बॅट नसायचीच. आमच्या गल्लीत मुली लंगडी खेळायच्या, शाळेत कबड्डी आणि खो-खो. पेटीतल्या एकाही पुस्तकात खो-खो खेळणारी मुलगी नव्हती. निदान माझ्या हाताला ती कधी लागली नाही. मी ती शोधत होते हे मला तेव्हा कळत नव्हतं. पुस्तकं बदलत राहायचे, एवढंच.

क्रिकेटवर गोष्ट लिहिणं सोपं का जातं हे लिहायला बसल्यावर कळलं. क्रिकेट दर चेंडूनंतर थांबतं. गोलंदाज परत चालत जातो. तेवढ्या वेळात लेखकाला नायकाच्या आजारी आईची आठवण काढता येते, समोरच्या खेळाडूच्या कपाळावरची आठी दाखवता येते. शेवटचा चेंडू हा तर लेखकाला मिळालेला आहेरच: सगळं एका क्षणावर येऊन टेकतं आणि तो क्षण सुरू व्हायच्या आधी हवं तितकं थांबता येतं. खो-खो असं थांबत नाही. एक पाळी सुरू झाली की मोठ्यांच्या सामन्यात नऊ मिनिटं, लहान गटात सात, सलग. श्वास घ्यायलाही कुणी थांबत नाही. आईची आठवण काढायची कधी?

मी पहिल्या खर्ड्यात ती काढली होती. ईश्वरी पळता पळता आईला आठवत होती. मुलींनी ते पान ऐकलं आणि एक जण नम्रपणे म्हणाली, “ताई, पळताना असं काही आठवत नाही.” मग काय आठवतं, मी विचारलं. तिनं विचार केला. “काहीच नाही. खांब दिसतो.”

ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं. आठ महिन्यांत माझ्या हातून असं एकही वाक्य उतरलं नव्हतं.

नायिकेचं नावही त्यांनीच ठेवलं. मी दुसरंच ठेवलं होतं, जुन्या वळणाचं, माझ्या आजीच्या काळातलं. त्यांनी एकमतानं ते नाकारलं आणि ईश्वरी म्हणायचं ठरवलं, कारण त्यांच्या शाळेत चार ईश्वरी आहेत आणि त्यातली एकही खेळत नाही. “निदान गोष्टीतली तरी खेळू दे.”

खो-खोबद्दल थोडं सविस्तर सांगते. आपण सगळे तो लहानपणी खेळलेलो असतो आणि त्यामुळेच तो आपल्याला माहीत आहे असं धरून चालतो. खेळाला नियमांची शिस्त विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं लावली. संघ बारा जणांचा, मैदानात नऊ. मधल्या पाटीवर आठ चौकोन, त्यांत आठ जण बसतात. एकीचं तोंड इकडं, शेजारणीचं तिकडं. नववी उठलेली असते, ती पळणाऱ्यांच्या मागं. चौकोन किती मोठा? तीस सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर. घरातल्या फरशीच्या एका लादीएवढा.

पळणारी तीन-तीनच्या तुकडीनं आत येते आणि तिला सगळी मोकळीक असते. बसलेल्यांच्या मधून नागमोडी जा, उलट फिर, हूल दे, खांबाला वळसा घाल. पाठलाग करणारीला मात्र यातलं काहीच करता येत नाही. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत बदलता येत नाही. म्हणजे कितीही वेगानं पळणारी असली तरी एकटीनं ती चांगल्या गड्याला कधीच पकडू शकणार नाही. पळणारी फक्त दोन बसलेल्यांमधल्या फटीतून पलीकडं सरकली की हिचा सगळा वेग वाया. मग तिनं काय करायचं? पलीकडं तोंड करून बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला हात लावायचा, खो म्हणायचं आणि तिच्या जागी बसून घ्यायचं.

हे मी शंभर वेळा केलेलं होतं. पण लिहिताना पहिल्यांदा नीट पाहिलं. ऐन धावेत असताना, गडी हाताच्या अंतरावर असताना, आपलं पळणं दुसरीला देऊन टाकायचं आणि एका लादीवर बसायचं. खो देताना मनात जराही कुरकुर असली तर तो उशिरा जातो, आणि उशिरा गेलेल्या खोचा काही उपयोग नसतो. आपल्या भाषेत मात्र ‘खो घालणे’ म्हणजे दुसऱ्याच्या कामात मोडता घालणे. हा वाक्प्रचार कसा रूढ झाला असेल कोण जाणे, पण तो मैदानात बसलेल्या माणसानं घडवला असेल असं मला वाटत नाही. मैदानात खो मिळणं म्हणजे आपली पाळी येणं. त्याची वाट बघत माणूस श्वास धरून बसतो.

आणि बसणं! मी त्यावर माझ्या पहिल्या खर्ड्यात एक ओळ लिहिली होती: ‘ईश्वरी आपल्या चौकोनात जाऊन बसली.’ त्यानंतर सहा पानं पळापळ. खरं तर पाळीतला बहुतेक वेळ प्रत्येक जण बसलेलीच असते. पण ते बसणं विश्रांतीचं नव्हे. दोन्ही पावलं सारखी ठेवायची की एक मागं घ्यायचं यावरून संघासंघात मतं असतात. टाच उचललेली, बोटांची टोकं जमिनीला, सगळा भार पुढं, हनुवटी खांद्याकडं वळवलेली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पळणारी दिसते आणि दिसेनाशी होते. ती पाठीमागं गेली की फक्त ऐकायचं: मातीवरचा तळव्यांचा आवाज, तिच्या श्वासाचा आवाज, आणि तिच्यामागं येणाऱ्या आपल्या मैत्रिणीचा. दोन्ही वेगळे ओळखू यावे लागतात. हातानं कुणाला अडवायचं नाही. ‘मला दे’ म्हणायचं नाही. उठायचं नाही. मांड्या भरून येतात, घाम भुवईवरून डोळ्यात उतरतो, तो पुसायला हात उचलला आणि नेमका तेव्हाच खो आला तर संपलं.

एखाद्या पाळीत कुणाला दहा खो मिळतात, कुणाला दोनच. ज्या मुलीला दोनच मिळाले ती त्या पाळीभर काय करत होती? माझ्या मते मुलांसाठीची खेळाची गोष्ट तिथं आहे. खांबावर सूर मारून गडी टिपणाऱ्या मुलीचा फोटो पेपरात येतो, तिच्यावर गोष्ट लिहायला मी कशाला हवी?

मी हे सूर मारण्याला कमी लेखून म्हणत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा या मुलींनी अंतिम सामना एका फोनभोवती गोल करून बघितला. महिलांच्या संघानं नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनी ५४-३६ असं. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. मुलींना प्रत्येक सूर पाठ झालाय. तिथले नियम थोडे वेगळे होते, मैदानात सात जण, आणि पळणारी तुकडी बराच वेळ टिकली तर तिलाही गुण. ‘ड्रीम रन’ हा त्या टिकण्याचा शब्द आता आमच्या लिंबाखाली रोज ऐकू येतो. त्यांच्या खेळाला कुणी स्टेडियममध्ये दिवे लावून खेळवलं, याचा आनंद त्यांच्या चालण्यात दिसतो. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तो खो-खोला बावीस वर्षांनी मिळालेला होता. ती बावीस वर्षं ज्यांनी खेळण्यात घालवली त्या मुली आता माझ्या वयाच्या आहेत. त्यांच्यासाठी दिवे लागले नाहीत.

सामना बघून झाल्यावर मात्र एकीनं विचारलं, “ते मॅटवर खेळतात. आपल्याकडं माती. मॅटवर बसल्यावर पाय सरकत नसेल ना?” बाकी साऱ्या जणी सुरांबद्दल बोलत होत्या आणि हिला बसण्याची काळजी होती. मी तिच्याकडं बघून घेतलं. हीच ती, फाउलवाली.

आमचा भाग कराडचा. इथं खेळाची गोष्ट म्हटली की सगळ्यांच्या तोंडी गोळेश्वरचे खाशाबा जाधव येतात, आणि यायलाच हवेत. शाळेतल्या प्रत्येक स्नेहसंमेलनात कुणीतरी ती गोष्ट भाषणात सांगायचं. ऑलिंपिकला जायला पैसे नाहीत, गावोगावची वर्गणी, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून दिलेले पैसे, १९५२ चं हेलसिंकी, ब्राँझ पदक, आणि स्वागताला १५१ बैलगाड्या. बैलगाड्या आल्या की टाळ्या. भाषण तिथं संपायचं. मीही टाळ्या वाजवल्या आहेत आणि तेव्हाचा काटा आजही अंगावर येतो.

पण त्या गोष्टीत बैलगाड्यांच्या अलीकडं आणि पलीकडं जे आहे ते मी मोठी झाल्यावर वाचलं. अलीकडं आहे १९४८ चं लंडन. तांबड्या मातीत वाढलेला मल्ल गादीवर उतरला आणि सहावा आला. सहाव्याच्या स्वागताला कुणी बैलगाडी जुंपत नाही. तो परत आला आणि पुढची चार वर्षं मेहनत करत राहिला. ती चार वर्षं कशी गेली? रोज पहाटे उठताना त्याला काय वाटत असेल? लाल मातीची सवय झालेल्या अंगाला गादीचं वळण लावताना आधी कोणती गोष्ट विसरावी लागली असेल? पलीकडं आहे ते प्राचार्यांचं कर्ज फेडण्यासाठी भरवलेले कुस्त्यांचे फड. आणि अर्जुन पुरस्कार, तो मरणोत्तर, १९८४ मध्ये अपघातात गेल्यावर कितीतरी वर्षांनी. मुलांना हे सांगितलं तर त्यांची उमेद खचेल अशी भीती मोठ्यांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. मी मुलींना सहाव्या क्रमांकाबद्दल सांगितलं तेव्हा त्या जवळ सरकून बसल्या. पदकापर्यंत आपण पोचू की नाही हे त्यांना माहीत नाही. सहावं येणं त्यांना माहीत आहे.

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. तीही आधी खो-खोच खेळायची, हे सांगितल्यावर मुलींचे डोळे असे चमकले की काय सांगू. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. पस्तीस अडथळे, त्यातले सात पाण्याचे. ट्रॅकवरच्या शर्यतीची अंतिम फेरी भारतीय स्त्रीनं गाठण्याची ती बत्तीस वर्षांनंतरची वेळ. त्याआधी १९८४ मध्ये पी. टी. उषा. रिओत ललिता दहावी आली.

“म्हणजे हरली?” सगळ्यात लहान मुलीनं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत तिच्या शेजारची म्हणाली, “अगं, जगात दहावी.” मग दोघींमध्ये बराच वेळ वाद झाला आणि तो मिटला नाही. मला तो मिटवावासा वाटला नाही. अशा वादाला जागा देणारी गोष्ट मला लिहायची होती, आणि मी लिहून बसले होते शेवटच्या दहा सेकंदांतला सूर.

आता १९९१.

तालुक्याचा अंतिम सामना दुसऱ्या एका गावच्या शाळेत होता. सकाळी फक्की मारून रेषा आखलेल्या, त्यावर पाणी मारलेलं, मातीला तो ओला वास. मी सातवीत. माझा चौकोन तिसरा. दुसऱ्या डावातली शेवटची पाळी आमच्या आक्रमणाची होती आणि आम्ही एका गुणानं मागं होतो. एक गडी मिळाला असता तर बरोबरी, मग अलाहिदा, म्हणजे जादा, डाव. त्या पाळीत मला आतापर्यंत तीनच खो मिळाले होते. मला वाटत होतं, आपल्याला टाळतात. खरं तर कुणी टाळत नव्हतं. पळणारी मुलगी हुशार होती, ती खांबाच्या बाजूलाच खेळत राहिली होती. पण बसलेल्या माणसाच्या मनात असलं काहीबाही येतं.

शेवटचं अर्ध मिनिट. ती मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, पहिल्यांदाच माझ्या समोरून गेली. इतकी जवळून की तिच्या पायाची माती माझ्या बोटांवर उडाली. मागून आमच्या मुलीची पावलं आली. मला ‘खो’मधला ‘ख’ ऐकू आला. त्या एका अक्षरावर मी उठले.

मी तिला शिवले. दोन पावलांत शिवले. माझा हात तिच्या खांद्याला लागला तेव्हा जो आनंद झाला तसा नंतर फार थोड्या वेळा झाला आहे. मग शिट्टी. पंच माझ्याकडं बोट दाखवत होते. माझ्या पाठीला हात लागलेला नव्हता. आणि तो लागलेला नव्हता हे मला शिट्टी वाजायच्या आधीपासून माहीत होतं. उठतानाच माहीत होतं. ते मी कुणालाही सांगितलं नाही, घरी आजीलाही नाही. आज लिहिते आहे.

परतीच्या एसटीत कुणी मला बोललं नाही, रागावलंही नाही. बाईंनी सगळ्यांना शेंगदाण्याची चिक्की वाटली, मलाही दिली. सोमवारी सरावाला मी मागं मागं राहत होते, तर त्यांनी हाक मारली आणि मला तिसऱ्या चौकोनात बसवलं. बाकीच्या मुलींना पळायला पाठवलं. मैदानावर मी एकटी बसलेली आणि माझ्या पाठीमागं बाई.

“मी खो देईन तेव्हा उठायचं,” त्या म्हणाल्या.

त्या माझ्यामागं चालू लागल्या. जवळ यायच्या, लांब जायच्या. पावलं जोरात आपटायच्या. एकदम ‘खो’ म्हणाल्या आणि मी उठले. हात लावला नव्हता. “बस.” पुन्हा. पुन्हा उठले. “बस.” तिसऱ्यांदा त्या माझ्या अगदी पाठीशी येऊन ओरडल्या, त्यांचा श्वास मानेला लागला, आणि मी बसून राहिले. चौथ्यांदाही बसून राहिले. त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. ऊन पाठीवरून खांद्यावर आलं होतं. मग हात पडला. तळवा, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, गरम. त्यानंतर आवाज. मी सुटले ती थेट खांबापर्यंत.

बाईंनी त्या फाउलबद्दल कधी एक शब्द काढला नाही. पुढच्या वर्षीही मी तिसऱ्या चौकोनातच होते.

म्हणजे बघा, एवढं सगळं ज्या मुलीच्या अंगावरून गेलं, तिनं चौतीस वर्षांनी गोष्ट लिहायला घेतली आणि काय केलं? ज्या सामन्यात ती हरली होती तो जिंकून टाकला. पंचांची शिट्टी पुसून टाकली. आणि जिंकायच्या घाईत पुन्हा त्या एका अक्षरावर उठली. माझ्या आठ महिन्यांच्या लिहिण्यात जे मला दिसलं नाही ते अकरा वर्षांच्या मुलीला ऐकताक्षणी दिसलं, कारण तिची पाठ तो हात ओळखते.

घरी येऊन मी एकवीस पानं बाजूला ठेवली. नव्यानं लिहायला बसले. दारू पिणारा बाप काढून टाकला. तो मला या मुलींच्या घरांतून आलेला नव्हता, दुसऱ्यांच्या गोष्टींतून आलेला होता. फाटका बूट काढला; इथं बऱ्याच जणी अनवाणीच खेळतात आणि त्याबद्दल त्यांना स्वतःची कीव येत नाही. शहरातल्या शाळेची गर्विष्ठ कर्णधार काढली. तिच्या जागी दोन वेण्यांची, खांबाजवळ हुशारीनं खेळणारी मुलगी आणली. तिला चांगलं खेळू दिलं. चांगला खेळणारा प्रतिस्पर्धी वाईट माणूस असावा लागतो हे आपण मुलांना का शिकवतो? हरवणारी मुलगी चांगली असू शकते हे पचवणं अवघड असतं, आणि तेच मला गोष्टीत हवं होतं.

मुलींकडून मी बारीकसारीक माहिती गोळा केली. फक्की कोण आणतं, कुणाचा हात रेषेवर थरथरतो. गुडघा सोलवटल्यावर घरी काय सांगायचं. मासिक पाळीच्या दिवसांत खेळायचं की नाही, आणि ते सरांना सांगायचं कसं. हा प्रश्न एकीनं सगळ्या गेल्यावर थांबून मला विचारला. तो गोष्टीत आहे, दीड पान. अशी गोष्ट वाचलेल्या एखाद्या मुलीला पुढं तो प्रश्न कुणाला तरी विचारायचा धीर होईल, एवढ्यासाठी पूर्ण पुस्तक लिहायला मी तयार आहे.

आणि बसणं लिहिलं. सात मिनिटांची एक पाळी, तीन पानं, एका लादीवरून दिसते तेवढीच. ईश्वरीला पाच खो मिळतात. चौथा ती इतक्या लवकर पुढं देते की जिला दिला ती गडी मारते. टाळ्या त्या मुलीला मिळतात आणि ईश्वरी तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या चौकोनात, उलट्या बाजूला तोंड करून बसलेली असते. तिला गडी पडल्याचं दिसत नाही, आवाजावरून कळतं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पळणारी तिच्या समोरून जाते. मागून पावलं येतात. वेळ संपल्याची शिट्टी होते तेव्हा ती बसलेलीच आहे.

पुढच्या शनिवारी वाचून दाखवलं. शेवट ऐकून गडबड उडाली. “मग कोण जिंकलं?” “हिशोब कर ना, गुण दिलेत आधी.” दोघींनी मातीत काडीनं गुण मांडले. सगळ्यात लहान मुलगी रुसली होती. तिला शेवट आवडला नाही, ईश्वरीनं शेवटचा गडी मारायला हवा होता असं तिनं स्पष्ट सांगितलं, आणि मी ते ऐकून घेतलं. त्या वयात मलाही नसता आवडला.

फाउलवाली गप्प होती. गलका थांबल्यावर म्हणाली, “ते मधलं पुन्हा वाचा. बसलेलं.”

मी तीन पानं पुन्हा वाचली. ती डोळे मिटून ऐकत होती. बोटं मांडीवर, टोकं टेकवलेली. एका ठिकाणी तिनं मला थांबवलं: घाम उजव्या डोळ्यात जातो असं मी लिहिलं होतं आणि त्या क्षणी ईश्वरीची मान डावीकडं वळलेली होती. “मग डाव्यात जाईल.” बरोबर होतं तिचं. मी तिथंच पेन्सिलीनं दुरुस्त केलं.

“ताई, तुम्ही कुठल्या चौकोनात असायचा?”

“तिसऱ्या.”

“बसून दाखवा की.”

मैदानावर सकाळच्या सरावाच्या रेषा अजून होत्या, फक्की थोडी विस्कटलेली. मी चप्पल काढून तिसऱ्या चौकोनात बसले. गुडघ्यांनी तक्रार केली. डावं पाऊल मागं, टाच उचलली, बोटं टेकवली. माती तापलेली होती. बाकीच्या मुली खांबाजवळ जाऊन उभ्या राहिल्या, कुणी बोलेना. ती माझ्या पाठीमागं गेली. मला ती दिसत नव्हती.

पावलं जवळ आली, लांब गेली. पुन्हा जवळ आली.

“खो!” अगदी कानाशी.

मी उठले नाही.